हॉल तिकिटाच्या मागचा तक्ता

नागपुरातल्या मानेवाडा रोडवरच्या एका आईंचं मुलीच्या करिअरबद्दल पत्र आलंय. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

"मुलीने नीट दोनदा दिली. दोन्ही वेळा सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. आम्ही आणखी एका ड्रॉपला तयार आहोत, नाहीतर खासगीत बीएएमएस. ती म्हणते, मला डॉक्टर व्हायचंच नाही, रिसर्च करायचाय. माझे धाकटे दीर सिकलसेलचे (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न. जनुक कापून सिकलसेल बरा होतो असं तिने कुठेतरी वाचलं, तेव्हापासून डोक्यात हेच. अभ्यास सोडून हॉल तिकिटाच्या मागे घरातल्या सगळ्यांचा वंशावळीचा तक्ता काढला, बाईला गोल, पुरुषाला चौकोन: कोण एएस म्हणजे नुसता वाहक, कोण एसएस म्हणजे आजार असलेला, कोणाची तपासणीच नाही. सासूबाईंना म्हणाली, आजी, तू रक्त तपासून घे. घरात दोन दिवस अबोला. लग्नाच्या वयाला येणाऱ्या पोरीने असलं काढावं का? स्वतःच्या गोलात तिने प्रश्नचिन्ह टाकलंय, मला ते बघवत नाही. मॅडम, रिसर्चमध्ये पोट भरतं का? नागपुरात राहून हे होतं का? आणि दिरांना ते औषध मिळेल का, तेही सांगा."

ताई,

दिरांपासून सुरुवात करते, कारण मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

तिने वाचलं ते खरं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरच्या कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढून घेतात, क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीने त्यांना प्रयोगशाळेत एका ठराविक जागी काप देतात, जबर केमोथेरपी देऊन रुग्णाचा जुना बोन मॅरो रिकामा करतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनापुढे आलेल्या आकड्यांत, पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने तरी दुखण्याचा तीव्र झटका आला नाही. किंमत मात्र २२ लाख डॉलर, म्हणजे आपले अठरा कोटींच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत याच आजारासाठी आपली, परवडणारी कात्री तयार करण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. पण दिरांना ते उद्या मिळेल अशी आशा घरात कोणाला लावू नका. सध्याची औषधं आणि तपासण्या चुकवू नका, बाकीचं त्यांचे डॉक्टर बघतील.

आता मुलीसाठी एक गंमत सांगते. त्या उपचारात सिकलसेलचं बिघडलेलं जनुक कोणी दुरुस्त करतच नाही! ते तसंच राहतं. काप बसतो तो भलत्याच जागी.

त्याची गोष्ट १९४८ पासूनची. ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. सिकलसेल घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तपेशी मोठ्यांच्या मानाने फारच कमी विळ्यासारख्या होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अंदाज बांधला की पोटात असताना बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, तेच त्याला सांभाळत असणार. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं आणि दुखणी सुरू होतात. मग हे गर्भातलं हिमोग्लोबिन बंद कोण करतं? ते बटण सापडायला २००८ उजाडलं: बीसीएल११ए नावाचं जनुक. २०१२ मध्ये शार्पेंटिये आणि डाउडना या शास्त्रज्ञांनी क्रिस्परची कात्री कशी चालते ते दाखवलं (त्याबद्दल २०२० चं नोबेल). आणि मग त्या कात्रीने ते बटण रक्तपेशींपुरतं ढिलं करण्यात आलं. एका बालरोगतज्ज्ञाच्या निरीक्षणापासून औषधापर्यंत ७५ वर्षं. मधल्या साखळीत रुग्ण तपासणारे थोडे, बाकी रसायनवाले, जिवाणूंवर काम करणारे, आकडेमोड करणारे.

बातमी फक्त शेवटच्या वर्षाची होते. रिसर्चला जायचं म्हणजे मधल्या कुठल्यातरी दहा वर्षांत, ज्यांची बातमी होत नाही, तिथे काम करायला जायचं. मुलगी त्यासाठी तयार आहे का, एवढंच मला बघायचंय. एमबीबीएस हुकलं म्हणून रिसर्च, अशी जी वाट आपल्याकडे दाखवली जाते, तिच्यावर माझा राग आहे. हुकलेल्यांची ती धर्मशाळा नाही.

नागपुरात होतं का, विचारलंत. ज्या २०१२ साली क्रिस्परचा तो निबंध आला, त्याच साली आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, उपचार घेणाऱ्या लहान मुलांवरचा एक अभ्यास छापून आला. सिकलसेलचा तीव्र त्रास असलेली ६० मुलं. निम्म्यांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, न वाढवता. निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. औषध घेणाऱ्यांत तेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं आणि झटके, रक्त चढवणं, भरती होणं कमी झालं. परदेशात डोस हळूहळू चढवत नेतात आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं. गडचिरोलीच्या आतल्या गावातून एसटीने येणाऱ्या आईला ते कसं जमणार? कमी आणि ठरलेल्या डोसवर भागतं का, हा प्रश्न इथल्याच माणसाला सुचणार होता. अठरा कोटींच्या उपचाराइतकाच हाही रिसर्च आहे, आणि माझ्या मते आपल्या जास्त कामाचा.

दुसरं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. कोविडमध्ये नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून ते पाणी नळीत द्यायचं, ही पद्धत आपल्या नीरीतली. पर्यावरणावर काम करणारी संस्था ती! नमुना खोलीच्या तापमानात अर्धा तास ठेवायचा, मग ९८ अंशांवर सहा मिनिटं तापवायचा, महागडं किट वापरून विषाणूचं आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) वेगळं काढायची गरज नाही. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली.

तर आता तो तक्ता.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मी ते पत्र दोनदा वाचलं ते त्या तक्त्यासाठी. नीटच्या कोचिंगमध्ये गोल-चौकोनांचे शंभर तक्ते सोडवून घेतात, पण तो कागद घरातल्या माणसांवर ठेवून बघणारी मुलं मला वर्षाला एखाददुसरीच भेटतात. तिने नोंद केली, जिथे माहिती नाही तिथे माहिती नाही असं लिहिलं, आणि पुरावा मागितला. आजींकडे मागायची पद्धत चुकली, ते खरं. माणसाला विचारून, समजावून, त्याची संमती घेऊन रक्त मागायचं असतं. पुढे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी तिला हेच शिकवेल, आजींनी दोन वर्षं आधी शिकवलं.

तरी एवढ्यावर निर्णय नको. दिरांची पुढची तपासणी असेल तेव्हा तिला सोबत पाठवा. सकाळी आठला, पोहे खाऊन, दिवसभराच्या तयारीने. रांगेत बसू द्या. जमलं तर सोल्युबिलिटी टेस्ट कशी करतात ते तिथल्या तंत्रज्ञांना विनंती करून दाखवा. नळीत औषधी द्राव, त्यात रक्ताचा थेंब, थोडा वेळ थांबायचं, आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्राव गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण एएस की एसएस हे त्या नळीला कळत नाही, त्याला पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते.

संध्याकाळी ती घरी आल्यावर काही विचारू नका, फक्त ती कशाबद्दल बोलते ते ऐका. शेजारी बसलेल्या बाईंना किती दुखत होतं, डॉक्टर त्यांच्याशी कसे बोलले, हेच सांगत राहिली तर तिला रुग्ण हवेत. मग तिसऱ्यांदा नीटचा विचार करा, तोही तिची स्वतःची तयारी असेल तरच. नळीला एएस आणि एसएस का ओळखू येत नाही यावर अडून बसली, तर तिला प्रयोगशाळेकडे जाऊ द्या. तेवीस वर्षांत ही परीक्षा मला फारशी चुकलेली दिसली नाही.

बीएएमएसबद्दल एकच सांगते. आयुर्वेदात मन असेल तर जरूर. नावामागे डॉक्टर लागावं म्हणून साडेपाच वर्षं आणि खासगीची फी घालवू नका.

प्रयोगशाळेकडे जायचं तर आयसर आणि नायसर या सरकारी विज्ञान संस्था आहेत; आयसरची आयएटी आणि नायसरची नेस्ट या प्रवेश परीक्षा बघा. आयएटीत जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणिताचे असतात. नीटवाल्या मुलांनी गणिताशी फारकत घेतलेली असते, तिथे दमछाक होते. बारावी कोणत्या वर्षी झाली याचीही अट असते. मधे ड्रॉप झालाय, तेव्हा माहितीपत्रक आधी वाचा, फॉर्म नंतर. नाही जमलं तर आपल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये किंवा हिस्लॉपमध्ये बीएस्सी करून जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सीला जाता येतं. बीएस्सी कुठून केली यापेक्षा त्या तीन वर्षांत सांख्यिकी आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकली का, याला आता जास्त किंमत आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांचे आकार संगणकावर ओळखणाऱ्यांना आणि नवी प्रथिनं घडवणाऱ्याला मिळालं, यातून काय ते समजा.

आणि एक वाट, जी पालकांच्या तोंडून मी कधीच ऐकत नाही: व्हेटर्नरी. नीटच्याच गुणांवर प्रवेश होतो, यादी सहसा सरकारी एमबीबीएसच्या खाली थांबते, आणि कॉलेज आपल्याच गावात, सेमिनरी हिल्सला. "ढोरांची डॉक्टर" म्हणून नाक मुरडण्याआधी हे बघा की डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ (One Health) संस्थेची पायाभरणी झाली. माणसाचे, जनावरांचे आणि जंगली प्राण्यांचे आजार एकत्र अभ्यासण्यासाठी. त्यासाठी व्हेटर्नरीवाले लागणारच.

पोटाचं. हे मी गोड करून सांगणार नाही. एमएस्सीनंतर नेटची परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पीएचडीला पाच वर्षं धरा, कधी सहा. म्हणजे कायमची नोकरी तिशीशिवाय नाही, आणि ती नागपुरात मिळेलच असं नाही. पुणे, हैदराबाद, बंगळुरू धरून चाला. फेलोशिपचे पैसे वेळेवर येतात असंही नाही. माझ्याकडे आलेला हिंगण्याचा एक मुलगा सध्या पीएचडी करतोय, त्याने चार महिने मित्रांच्या उधारीवर काढले. पीएचडी नको वाटली तर क्लिनिकल ट्रायलची कामं, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणं, बायोस्टॅटिस्टिक्स, यांत पगाराची नोकरी लवकर लागते. फक्त सहा महिन्यांच्या क्लिनिकल रिसर्च डिप्लोम्यासाठी लाख-दीड लाख मागणाऱ्यांकडे जाऊ नका. शंभर टक्के प्लेसमेंटची पाटी दिसली की उलट फिरा.

त्याच हिंगण्याच्या मुलाचा दिवाळीत फोन आला होता. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी, करताना एका नळीत मुद्दाम डीएनए टाकत नाहीत, नुसतं पाणी. तिथे काहीच उमटायला नको. याच्या त्या नळीत पट्टा दिसायला लागला. म्हणजे कुठेतरी भेसळ, म्हणजे बाकीच्या नळ्यांतलंही सगळं बाद. पाणी बदललं, पिपेट बदलले, टेबल पुसलं, रात्री कोणी नसताना करून पाहिलं. शेवटी प्राइमरच्या (पीसीआरला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) बाटलीतच भेसळ निघाली. "मॅडम, तीन हप्ते मी फक्त पाणी तपासलं," म्हणाला आणि हसला. तुमच्या मुलीला हे वाचून दाखवा. तिला हसू येतं की धडकी भरते, ते मला कळवा.

राहिलं ते प्रश्नचिन्ह. दीर एसएस, म्हणजे सासू-सासरे दोघेही निदान वाहक असणार; तुमचे यजमानही वाहक असण्याची शक्यता मोठी, आणि मग मुलगीही असू शकते. एएस असणं म्हणजे आजारी असणं नाही. लग्नाआधी दोन्हीकडचं माहीत असावं इतकंच, आणि ते लपवण्यापेक्षा माहीत असलेलं बरं. मेडिकल, मेयो, कुठल्याही सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तिला एकटीला पाठवू नका; तुम्ही आणि यजमान दोघांनीही त्याच दिवशी रक्त द्या. आजींना तिने नव्हे, त्यांच्या मुलाने विचारावं.

मग तिघं माझ्याकडे या, शनिवारी अकरानंतर मी असते. हॉल तिकीट फाडलं नसेल तर घेऊन या.