तेवीस वाणांची यादी

भाऊ,

यंदा कोणता वाण लावू म्हणून पाठवलेली तुझी यादी वाचली. पाच एकर रान आणि कपाशीचे तेवीस वाण! दुकानदार काय म्हणाला, व्हिडिओत एकरी किती क्विंटल दाखवले, सगळं लिहिलंस. तुझी जमीन किती खोल आहे, हे मात्र एका ओळीतही नाही. रानाची अट आधी, बियाण्याचं पाकीट नंतर.

नावं तेवीस असली तरी बीजी-२ च्या, म्हणजे बीटी कपाशीच्या, पाकिटांत बोंडअळी रोखण्यासाठी घातलेले जीन (जनुकं) तेच दोन. वजन तेच, ४७५ ग्रॅम. कमाल भाव सरकारने बांधलेला. गुलाबी बोंडअळी त्या दोन्ही जीनना पुरून उरली आहे, तेव्हा ‘या वाणावर अळी येतच नाही’ म्हणणाऱ्यापुढे उभाही राहू नकोस. खरा फरक कालावधीत, बोंडाच्या आकारात, झाडाच्या ठेवणीत आणि पानावरच्या लवेत असतो.

अमेरिकेतल्या एका दुकानात जॅमचे २४ प्रकार मांडले, तेव्हा थांबलेल्या शंभरातल्या तिघांनीच बरणी घेतली. ६ मांडले, तेव्हा तिसांनी. हा प्रयोग २००० साली छापून आला. पुढच्या प्रयोगांत सगळीकडे तसंच घडलं नाही. काय हवं ते ज्याला आधीच ठाऊक, त्याला पर्यायांची गर्दी फारशी छळत नाही. शेतकऱ्याला तर बरणी न घेता परतायची सोयच नाही. मग तो गावात ज्या पाकिटासाठी रांग लागलीय तेच मागतो, आणि टंचाई, जादा पैसे, वर नको असलेलं खत माथी. म्हणून पुन्हा सांगतो, अट आधी.

उद्या रानात तीन ठिकाणी खड्डे घे. दीड फुटाच्या आत मुरूम लागला आणि पाणी फक्त पावसाचं असेल, तर १४०-१५० दिवसांच्या पुढचे सगळे वाण खोड. रावेरकडच्या खोल काळ्या मातीत ठिबकवर साधलेला वाण साक्रीच्या मुरमाडात शेवटची बोंडं भरायच्या वेळीच ओल संपून बसतो. ठिबक असलं तरी फार लांबवू नकोस. डिसेंबरात रान मोकळं झालं पाहिजे; फरदड, म्हणजे तेच पीक पुढे राखून आणखी वेचण्या, नकोच, बोंडअळीला तीच सोय होते. तुडतुड्यांचा त्रास असेल तर लव असलेलं पान बघ. वेचणीला माणसं मिळत नसतील तर मोठं, एकदम फुटणारं बोंड. एवढ्यात यादी तीन-चारावर येईल.

त्यातला एक चार एकरांवर, दुसरा एका एकरावर. सहा वाण लावलेस तर फवारणीची वेळ जुळत नाही, वेचणी रेंगाळते, कापूस एकत्र होतो आणि कोणी काय दिलं ते कळत नाही. दोन्हींची लागवड शक्यतो एकाच दिवशी, खत तेच, प्रत्येकी वीस झाडांची बोंडं मोज, वेचणीचं वजन वेगळं लिही. मला हट्टी म्हणतात. म्हणोत; दरवर्षी नवं पाकीट आणि वहीत एक ओळ नाही, हे मला बघवत नाही.

लागवड झाल्यावर बांधापलीकडे बघून झुरू नकोस. पक्कं बिल, रिकामं पाकीट, त्यावरचं लेबल आणि मूठभर बी डब्यात ठेव. उगवण फसली तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे तेच लागतं.

खड्ड्यांची खोली कळव. त्याआधी वाणाचं नाव विचारू नकोस.