सटवीचा लेख, दुबार पेरणी आणि गीतेतलं पाचवं कारण

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. सोयाबीनची दुबार पेरणीही वाया गेली आणि घरचे म्हणतात सटवीनं लिहिलेलं टळत नाही. तर हे आधीच ठरलेलं होतं का, हा एक. देवानं मला कशासाठी जन्माला घातलं, हा दुसरा. पहिल्यात गफलत झाली की दुसरा सुटत नाही.

पाचवी-सहावीच्या रात्री सटवी येऊन नशीब लिहिते म्हणून बाळाजवळ पाटा-वरवंटा पुजून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती लोकश्रद्धा. वेदांतात असा लिहून ठेवलेला मजकूर नाही. तिथे कर्माचे तीन भाग आहेत: संचित (आजवर साठलेलं), प्रारब्ध (त्यातलं आता फळाला आलेलं) आणि क्रियमाण (आत्ता करतोय ते). प्रारब्ध कळतं ते फळ भोगायला आल्यावरच. म्हणून झालेलं नुकसान पचवायला तो शब्द कामाचा आहे. पुढच्या मृगात काय पेरायचं हे ठरवायला त्याचा काडीचा उपयोग नाही (पत्रिकावाले काहीही म्हणोत).

मग यात देव कुठे? कुणी सुखात, कुणी हालात, म्हणजे देव पक्षपाती आणि निर्दय, हा आक्षेप ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदांताच्या मूळ सूत्रग्रंथात (2.1.34), थेट घेतलाय. शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर पावसासारखा आहे. साळीला आणि जवाला पाऊस एकच. उगवण्यातला फरक बियाण्याचा.

गीता हिशोब आणखी बारीक मांडते. अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकात (18.14) कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं आहे, पहिलं नाही. वहीत पाच रकाने पाडा आणि याच क्रमानं भरा. अधिष्ठान म्हणजे टीकाकार शरीर घेतात, पण शेतीपुरती जमीन धरायला हरकत नाही: हलकी की भारी, वापसा (पेरणीजोगी ओल) होता का? कर्ता: पेरायचं कुणी ठरवलं, तुम्ही, की शेजाऱ्याची तिफण चालू झालेली पाहून घाई केली? करण, म्हणजे साधन: बियाणं. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली होती का? सत्तरच्या खाली आली तर एकरी बियाणं वाढवावं लागतं किंवा बदलावं लागतं. चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष केलेली कृती: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हायच्या आत पेरलं का, बी 3 ते 5 सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं का? पहिल्या दोन सरींवर पेरून मोड करपले, तर ते या रकान्यात जातं. चारही भरल्यावर उरतो तो पुरेशा ओलीवर पेरूनही पडलेला पावसाचा खंड. तेवढंच दैव. आणि तोही कुणाच्या पापाची शिक्षा नव्हे. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, खंड सगळ्या शिवारावर पडतो.

किल्लारीच्या भूकंपाचंही असंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जमीन हलली, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण माणसं दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा (मातीच्या धाब्याचा) भार अंगावर येऊन. ते देवाच्या नावावर टाकलं असतं, तर नंतरची घरं वेगळ्या पद्धतीनं बांधायचं कारणच उरलं नसतं.

उलटी चूकही होते. गीतेतला 18.16 म्हणतो, सगळं मीच केलं असं पाहणाऱ्याला नीट दिसतच नाही. चांगल्या वर्षीही पाचवा रकाना भरायचा असतो. तो मात्र कुणी भरत नाही.

आता जन्माचा हेतू. तुमचा प्रश्न ‘जगावंच कशाला’ इथपर्यंत आला असेल, तर आधी 14416 या टेली-मानसच्या मोफत नंबरवर बोला. तत्त्वज्ञान नंतर वाचता येतं.

देवानं प्रत्येकाला एक गुप्त काम नेमून दिलंय आणि ते शोधून काढायचं, असं इथली परंपरा सांगत नाही. गीतेतला 18.46 म्हणतो की स्वतःच्या कर्मानं ईश्वराची पूजा होते. तेरच्या गोरोबांनी मडकी घडवणं सोडलं नाही, गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण सोडलं नाही. हाताशी जे काम आहे आणि ज्यावाचून कुणाचं तरी अडतं, तिथून सुरुवात करा. इथे एक धोका आहे. जुन्या ग्रंथांतलं स्वकर्म वर्णाला बांधलेलं आहे आणि ‘तुला देवानं याच कामासाठी घातलंय’ असं दुसऱ्याला सांगून पिढ्यान्‌पिढ्या माणसं दाबली गेली. हे वाक्य दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही, आणि दुसऱ्यानं तुमच्याबद्दल बोललेलं ऐकायचंही नाही. शेती सोडून वेगळं काम धरलंत तर तेही स्वकर्मच.

सगळे इथे एकमताचे नाहीत. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे; देवता कर्माची मर्यादित फळं देतात, मोक्ष फक्त परमेश्वर देतो, म्हणून माणसाच्या जन्माचं मोल परमेश्वराच्या प्राप्तीत. बुद्धांचं मत सगळ्यात कडक. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातल्या तित्थायतन सुत्तात ते तीन मतं नाकारतात: सगळं पूर्वकर्मानं होतं, सगळं ईश्वर घडवतो, सगळं विनाकारण होतं. कारण तिन्हींत एकच खोट: ती धरली की ‘हे करावं, हे करू नये’ असं म्हणायला जागा राहत नाही.