सगळं हातात मिळतंय, तरी रडू का येतं?

काकू मला भेटल्या तेव्हा गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन तिसरा आठवडा चालू होता. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) दुखतंय अशी तक्रार नव्हतीच. "सून पाण्याचा पेलासुद्धा हातात देते हो. मी आता अशीच राहणार का?"

आयुष्यभर घर चालवलेल्या बायका हे हमखास विचारतात. या काळात सूज असते, झोप धड लागत नाही, त्यामुळे मन खचतंच. सूज तर काही महिने रेंगाळते. पण बोलता बोलता खरी गोष्ट निघाली. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला, तोही भारतीय पद्धतीचा. म्हणून खोलीतच कमोडची खुर्ची ठेवलेली. भांडं सुनेला उचलावं लागू नये म्हणून काकू पाणीच कमी पीत होत्या! त्यात पेनकिलर, मग पोट साफ होईना.

सुनेला आत बोलावलं. ती म्हणाली, "आई पडल्या तर सगळे मलाच बोलतील." मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बाहेर बसला होता. त्यालाही बोलावलं. सकाळ-संध्याकाळ भांडं त्याने उचलायचं ठरलं. सून चकित झाली. मी नाही झाले. आईचं काम लेकाने करायला काय हरकत आहे?

काकूंना स्वयंपाकघर परत हवं होतं. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, मग चहाचा कप न्यायचा कसा? न्यायचाच नाही. ओट्यापाशी उंच खुर्ची ठेवायची आणि तिथेच बसून प्यायचा. चष्मा, फोन, गोळ्यांसाठी वॉकरला कापडी पिशवी बांधली. भाजी निवडायची टेबलावर. पाटावर बसणं तूर्त बंद.

जिन्याचा धसका होताच. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं पुन्हा म्हणून घेतलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. बरं वाटतं म्हणून त्या गुडघ्याखाली उशी घेत. तीही काढायला लावली, नाहीतर पाय पूर्ण सरळ होत नाही. पोटरी अचानक दुखली-सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर वाट न बघता सर्जनला फोन करायचा. धाप लागली, छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

पुढच्या खेपेला काकूंचा प्रश्न वेगळाच होता: लोकलने डोंबिवलीला बहिणीकडे कधी जाऊ? म्हटलं, ते सर्जनना विचारा. आणि ते हो म्हणाले तरी संध्याकाळची गर्दी टाळा.