त्याला गटातून काढू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायकांवर हात उचलू नये म्हणून तू वस्तीतल्या पोरांचा जो गट चालवतोस, त्यातल्या एका पोराने बहिणीला फोनवर बोलताना पकडून थोबाडीत मारली, आणि बाकीचे म्हणतायत, त्याला काढा. काढू नकोस.

आधी बहिणीचं बघा. तिच्याशी एखादी ताई बोलेल, तू नको. तिला तक्रार करायची असेल तर सोबत चौकीत जायचं. तिथे पोराची गय नाही. पण रविवारी गट बसेल तेव्हा तो गटात हवा.

पोरं तुला विचारतात म्हणे, नाक्यावर पोलीस आमचं आडनाव ऐकून आवाज चढवतो, पत्ता सांगितला की नोकरी जाते, आणि सुधारायचं आम्हीच? रास्त प्रश्न आहे रे. भाषण ठोकू नकोस, ऐकून घे. ब्राझीलमधल्या रिओच्या फावेलांमध्ये, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्यांत, जिथे पोरं बहुतेक काळी आणि पोलिसांच्या नजरेत आधीच गुन्हेगार, तिथे 'प्रोग्राम एच' उभा राहिला, पोरांशी मर्दानगी आणि मारहाणीवर गटात बोलायचा कार्यक्रम. त्याच धर्तीवर मुंबईच्या वस्त्यांत 'कोरो' या संस्थेच्या लोकांनी 'यारी दोस्ती' केलं. गट चालवणारी पोरं वस्तीतलीच, आठवड्यातून एकदा बैठक, असे महिनोन् महिने. एका शिबिरात मर्दानगी उतरत नाही. पोरगं परत परत यायला लागतं, आणि तू हाकललंस तर ते येणार कुठून?

मी एकाला हाकललं होतं. मैत्रिणीवर हात उचलला म्हणून, सगळ्यांसमोर. वर बाबासाहेबांचं १९४२चं नागपूरचं भाषण ऐकवलं, बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावं, गुलाम होऊ नये, ते. जयंतीचा डीजे पाठ आणि हे माहीत नाही, असंही बोललो. बाबासाहेबांची काठी केली मी. पोरगा मान खाली घालून गेला, तो परत आलाच नाही. काही वर्षांनी आमच्या केंद्रात एक बाई आली, हाताला प्लास्टर. अर्ज मी लिहून घेत होतो. नवऱ्याचं नाव सांगितलं तेव्हा पेन थांबलं.

आता म्हणशील, तो गटात राहिला असता तर मारलंच नसतं कशावरून? नाही सांगता येत. तेव्हा मी पंचविशीचा, वस्तीतल्या बायका बघत होत्या, गप्प बसलो असतो तर त्यांनी उद्या माझ्यावर विश्वास का ठेवावा? हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता खरं वाटतं. तरीही काढू नकोस.

त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावायचा बेत लिहिलायस, तो सोड. तमाशा होईल, आणि घरी त्याची वसुली बहिणीकडून होईल. रविवारी सतरंजी नेहमीच्या वेळेला घाल. नाही आला तर त्याच्या घरी जाऊ नकोस, बापासमोर विषय निघायला नको. संध्याकाळी नाक्यावर गाठ. चहाचे पैसे तू दे.

तुझा,
दादा