हीट पंप बसवला तर घर विकताना पैसे निघतात का?

बॉस्टनच्या पश्चिमेला १९६०च्या आसपास बांधलेलं घर, बेसमेंटमध्ये घर तापवणारा ऑइलचा बॉयलर, एसी नाही. तीन-चार वर्षांत घर विकून नॉर्थ कॅरोलायनाला जायचंय, तर आत्ता हीट पंपावर (म्हणजे हिवाळ्यात घर तापवणाऱ्या आणि उन्हाळ्यात एसीसारखं गार करणाऱ्या विजेच्या यंत्रावर) केलेला खर्च विकताना वसूल होईल का, असं तुम्ही विचारलंय. जवळपास अशाच घरात आम्ही बारा वर्षं राहिलो, त्यात हीट पंप बसवला आणि २०२५च्या मे महिन्यात ते विकलं. म्हणून लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. निव्वळ विक्रीवर डोळा ठेवून बसवू नका. पण बॉयलर म्हातारा झाला असेल आणि उन्हाळ्यात खिडक्यांतले एसी चढवता-उतरवता कंबर मोडत असेल, तर बसवा, आणि बसवायचाच तर लवकर बसवा. घर विकायच्या आदल्या महिन्यात नवी यंत्रणा बसवायची आणि तिची थंड हवा नव्या मालकाने खायची, यात काय मजा?

आमची गोष्ट अशी. ४ फेब्रुवारी २०२३ची पहाट इथल्या कोणी विसरलेलं नसेल. बॉस्टनला पारा उणे १० फॅरनहाइटवर, म्हणजे उणे २३ सेल्सिअसवर गेला होता. त्या रात्री बॉयलरने कशीबशी लाज राखली, पण महिनाअखेरीला तो खालून गळायला लागला. दुरुस्ती करणाऱ्याने टॉर्च मारून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, एवढा हिवाळा काढा. उन्हाळ्यात आम्ही हीट पंप बसवले: बाहेर दोन युनिट, आत पाच हेड, म्हणजे हवा सोडणाऱ्या भिंतीवरच्या पेट्या. बिल २४,००० डॉलर. मास सेव्हचं, म्हणजे राज्यातल्या वीज-गॅस कंपन्यांच्या ऊर्जाबचत योजनेचं, पूर्ण घरासाठीचं १०,००० डॉलरचं रिबेट मिळालं, २,००० डॉलरची केंद्रीय करसवलत मिळाली. खिशाला चाट बसली ती १२,००० डॉलरची. नवा ऑइल बॉयलर घातला असता तरी यातला बराचसा खर्च झालाच असता, आणि वर एसी मिळाला नसता तो नाहीच.

तुमचं गणित मात्र आमच्यापेक्षा कडक आहे. ती केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. मास सेव्हचे आकडे दरवर्षी बदलतात, त्यामुळे माझा १०,०००चा आकडा धरून बसू नका, यंदाचा पाहा. आणि आधी त्यांचं घराचं फुकट ऑडिट, म्हणजे ऊर्जेची तपासणी, करून घ्या. अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, इन्सुलेशन नसलेल्या घरात हीट पंप लावणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं.

आता किंमत वाढते का? याचा एक चांगला अभ्यास आहे. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या २३ राज्यांमधले घरविक्रीचे व्यवहार तपासले. बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा हीट पंप असलेल्या घरांना सरासरी ४.३ ते ७.१ टक्के, म्हणजे १०,४०० ते १७,००० डॉलर जास्त मिळाले, असं त्यात निघालं. 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात तो छापून आला. हीट पंप विकणारा प्रत्येक सेल्समन हा आकडा तुमच्या तोंडावर फेकेल, आणि फेकताना टक्के सांगेल, डॉलर सांगणार नाही. इथेच सावध व्हा. १०,४०० डॉलर म्हणजे ४.३ टक्के, याचा अर्थ त्या हिशेबातलं सरासरी घर २ लाख ४० हजारांच्या आसपासचं होतं. तुमचं घर समजा ७ लाखांचं आहे. त्याला तेच टक्के लावले तर ३०,००० ते ५०,००० डॉलर येतात. २४,००० डॉलरच्या यंत्राला कोणी ५०,००० कशाला देईल? घर तिप्पट महाग असलं म्हणून बाहेरचा पंखा तिप्पट महाग होत नाही. त्यामुळे त्या अभ्यासातले डॉलर घ्या, टक्के सोडून द्या.

त्यात आणखी एक गोष्ट आहे जी सेल्समन सांगत नाही. जिथे हवा सौम्य आहे, जिथे मध्यमवर्गीय आणि पर्यावरणाची काळजी करणारे लोक राहतात, तिथे हा जास्तीचा भाव अधिक मिळाला. आपल्या गावांमध्ये पर्यावरणाची काळजी भरपूर, दर तिसऱ्या अंगणात पाटी असते. सौम्य हवा मात्र कुठून आणणार? गंमत म्हणजे तुम्ही निघालाय त्या नॉर्थ कॅरोलायनात हीट पंप इतका घरोघरी आहे की त्याचं कोणाला काही वाटत नाही. भारतात घर बघायला गेल्यावर छताला पंखा आहे म्हणून कोणी खूश होतं का?

आमचं घर विकून देणाऱ्या रिअल्टर बाईंनी पहिल्याच बैठकीत जे सांगितलं ते मला सगळ्या अभ्यासांपेक्षा जास्त पटलं. त्या म्हणाल्या, "हीटिंगसाठी कोणी जास्त पैसे देत नाही. पण जुन्या हीटिंगसाठी कापून मात्र सगळे घेतात." म्हणजे पंचवीस वर्षांचा बॉयलर दिसला की खरेदीदाराने घर तपासायला आणलेला इन्स्पेक्टर अहवालात "आयुष्य संपत आलेलं" असं लिहितो, आणि तो कागद हातात घेऊन खरेदीदार पंधरा-वीस हजारांची घासाघीस सुरू करतो. हीट पंपाने आम्हाला काय दिलं असेल तर ही घासाघीस झाली नाही. उलट तुमचा बॉयलर समजा आठ-दहा वर्षांचाच आहे आणि नीट चालतोय, तर कापून घ्यायला कोणाला काही कारणच नाही, आणि मग तुमचा हीट पंपाचा खर्च निघणं कठीण आहे. म्हणून बॉयलरवरची तारखेची पट्टी आधी वाचून या.

जिथे खरोखर भाव मिळाला ती बाजू होती एसीची. गावातल्या निम्म्या जुन्या घरांना बेसबोर्ड रेडिएटर आहेत, हवा खेळवणारे डक्ट नाहीत, त्यामुळे सेंट्रल एसी नाही. जाहिरातीत "प्रत्येक खोलीत एसी" ही ओळ वर गेली आणि हीट पंप हा शब्द खाली. ओपन हाउस, म्हणजे सगळ्यांना घर खुलं ठेवून दाखवण्याचा दिवस, मेमध्ये होतं, त्या दिवशी नेमकं ऊन तापलं होतं, आणि मी सकाळपासून पाचही हेड कूलिंगवर ठेवली होती. यात लबाडी नाही, यजमानधर्म आहे!

बघायला आलेल्यांत दोन तर्‍हा होत्या. आपले देशी लोक आत आले की भिंतीकडे बघून लगेच, "अरे, हे तर स्प्लिट एसी!" म्हणायचे. बरोबरच आहे, पुण्या-नागपुरात भिंतीवर असतो तोच हा स्प्लिट, फक्त हिवाळ्यात उलटा चालतो: बाहेरच्या गार हवेतली उष्णता गोळा करून आत सोडतो. त्यांना ती पांढरी पेटी खटकत नाही. इथल्या लोकांना खटकते. एक बाई दिवाणखान्यातल्या हेडकडे अशा बघत होत्या की जणू कोणी भिंतीवर फ्रिज टांगलाय. आणि त्याहून मोठी चूक बाहेर होती. आमच्या काँट्रॅक्टरने तांब्याच्या नळ्या घराच्या दर्शनी भिंतीवरून पांढर्‍या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमध्ये खाली आणल्या होत्या. मी त्या दिवशी ऑफिसात होतो; संध्याकाळी आलो तेव्हा करड्या घराच्या तोंडावर पांढरी जानवी घातल्यासारखी दिसत होती. रिअल्टर बाईंनी त्या पट्ट्या भिंतीच्या रंगाने रंगवायला लावल्या. तुम्ही सही करण्याआधी कागदावर लिहून घ्या की नळ्या मागच्या भिंतीवरून किंवा आतून जातील. थोडे पैसे जास्त पडतात, पण हा खर्च विक्रीत नक्की दिसतो.

कर्जासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या बँकेच्या अप्रेझरकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याच्या नेहमीच्या फॉर्मवर हीटिंग-कूलिंगची एक ओळ असते, ऊर्जाबचतीच्या गोष्टींची एक असते. पण तो मुख्यतः आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करतो. शेजारपाजारी हीट पंपाचं एकही घर विकलं गेलं नसेल तर तो तिथे काय आकडा घालणार? स्वयंपाकघर आणि बाथरूम यांनी किंमत हलते, यंत्रांनी फारशी नाही.

खरेदीदार सगळ्यात जास्त एकच प्रश्न विचारतो: बिल किती येतं? इथे ऑइल आणि गॅस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो समजून घ्या. एका गॅलन ऑइलमध्ये सुमारे १,३८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतात. ८५ टक्के कार्यक्षम बॉयलर त्यातले साधारण १,१८,००० घरात पोचवतो. हीट पंप हिवाळाभर सरासरी एका युनिट विजेतून २.७ युनिट उष्णता देतो असं धरलं, तर तेवढ्या उबेला साधारण १३ युनिट वीज लागते. वीज युनिटला ३० सेंटने पडत असेल तर ३ डॉलर ९० सेंट. म्हणजे ऑइल चार डॉलरच्या वर असेल तर हीट पंप स्वस्त, साडेतीनच्या खाली गेलं तर ऑइल स्वस्त, मध्ये बरोबरी. २०२५च्या नोव्हेंबरपासून मोठ्या वीज कंपन्यांनी हीट पंपवाल्यांना हिवाळ्यात कमी दर लावायला सुरुवात केलीय, त्याने पारडं थोडं आपल्याकडे झुकतं; तो दर तुमच्या खात्याला लागलाय ना, हे बिलावर तपासा. हेच गणित गॅसशी केलं तर चांगला गॅस बॉयलर एका थर्ममधून (गॅसच्या बिलातलं एकक) जी ऊब देतो तिला दहा-साडेदहा युनिट वीज लागते, म्हणजे तीन डॉलरच्या वर. गॅस त्याहून स्वस्त पडतो. तुमच्याकडे गॅस असता तर हे उत्तर मी चार ओळींत संपवलं असतं.

आम्ही वर्षभराची विजेची बिलं छापून ओट्यावर ठेवली होती. त्या एका फाइलने जेवढं काम केलं तेवढं यंत्राच्या माहितीपत्रकाने केलं नाही. "उणे दहाला चालतो का?" असं विचारणार्‍याला जानेवारीचं बिल दाखवलं की तो गप्प. "वीज गेली तर?" असंही एका आजोबांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, ऑइल बॉयलरचा बर्नर आणि पाण्याचा पंपसुद्धा विजेवरच चालतो. हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांचं समाधान झालं नाही. काही लोकांना बेसमेंटमध्ये काहीतरी जळतंय हेच बरं वाटतं.

आता फुटकळ गोष्टी. जुन्या घरात विजेचं पॅनल १०० अँपिअरचं असेल तर हीट पंपाच्या निमित्ताने २०० करून घ्या. इलेक्ट्रिक गाडीवाला खरेदीदार त्यावर खूश होतो, आणि असे आता बरेच असतात. वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का आणि किती दिवसांत नोंदवावी लागते, ते पहिल्याच दिवशी वाचा. पावत्या जपून ठेवा: रिबेट आणि करसवलत वजा करून उरलेला खर्च घराच्या मूळ किमतीत धरता येतो. नवराबायकोला विक्रीवरच्या नफ्यातले ५ लाख डॉलर करमुक्त असतात, त्यामुळे बहुतेकांना हा हिशेब लागत नाही, पण वीस वर्षं घर धरून बसलेल्यांना लागतो.

राहता राहिली ऑइलची टाकी. ही मात्र विसरू नका. बेसमेंटमधली ती २७५ गॅलनची गंजकी टाकी खरेदीदाराला यंत्रापेक्षा जास्त घाबरवते. जमिनीखाली पुरलेली असेल तर काही जण घर बघायलाही येत नाहीत. हीट पंप घालून टाकी तशीच ठेवली तर अर्धा फायदा बुडाला. काढून घ्या, काढल्याचा कागद घ्या, आणि काढणार्‍या माणसाला उभं राहून बाहेरच्या भिंतीतला भरायचा पाइपही काढायला लावा. टाकी गेली पण पाइप राहिला, आणि चुकीच्या पत्त्यावर आलेल्या ट्रकवाल्याने त्यातून सरळ बेसमेंटच्या फरशीवर ऑइल ओतलं, असे प्रकार न्यू इंग्लंडमध्ये खरोखर झालेत. आमच्याकडे त्या भोकात आता सिमेंट आहे.