शिरोलीहून शारजाला: करार कास्टिंगचा आहे, तुझा नाही

भावा, तू लिहिलंयस ते थोडक्यात असं. आयटीआय मशिनिस्ट, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तीन वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर. यूएईतल्या शारजात एका वर्कशॉपची महिना २,२०० दिरहमची ऑफर, त्यात बेसिक म्हणजे मूळ पगार ८०० आणि बाकी अलाउन्स. एजंटला १ लाख २० हजार द्यायचे, जायचं व्हिजिट व्हिसावर, "तिथं गेल्यावर बदलून देतात". वर एजंट सांगतो की भारत-यूएई करार झाल्यापासून सगळं सोपं झालंय. आणि शेवटी तुझा सवाल, राजीनामा टाकू का?

आधी त्या कराराचं बघू, कारण एजंटचं सगळं बोलणं त्याच्यावर उभं आहे. सेपा म्हणतात तो व्यापार करार १८ फेब्रुवारी २०२२ ला झाला आणि १ मे २०२२ पासून लागू आहे. यूएईत बहुतेक आयात मालावर ५ टक्के ड्युटी असते. करारातल्या भारतीय मालाला, सोबत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला, असेल तर, ती भरावी लागत नाही किंवा कमी होते. दागिन्यांवरची तर पहिल्या दिवसापासून गेली, म्हणजे हुपरीच्या चांदीवाल्यालाही दार उघडलं. २०२४-२५ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार १०० अब्ज डॉलरच्या वर गेला. गुंतवणुकीचा वेगळा करार ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. त्यात गुंतवणूकदाराचे पैसे अडकले तर सरकारविरुद्ध लवादात जाता येतं. हे सगळं खरं आहे. पण नोकरीच्या बाजारात शिरायचा हक्क हा विषय असल्या व्यापार करारांत येत नाही. व्हीएमसी ऑपरेटरसाठी सेपात ना कोटा आहे, ना वेगळा व्हिसा. तुझ्या हातून निघालेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, करारावर जाईल, तू मात्र यूएईच्या कामगार कायद्यावर जाणार, म्हणजे २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्यावर. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे आणि वाचायचा असेल तर तोच वाच.

त्या कायद्याच्या सहाव्या कलमात सरळ आहे: भरतीचा खर्च मालकानं कामगाराकडून घ्यायचा नाही, थेट नाही आणि आडमार्गानंही नाही. परमिट, मेडिकल, एमिरेट्स आयडी, रेसिडेन्सी, सगळं मालकाकडं. आपल्याकडं लायसन्सधारक एजंटला सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावती मिळालीच पाहिजे. १ लाख २० हजारांतले उरलेले ८४,६०० कशाचे, हे त्याला लेखी विचार. बहुतेक वेळा मुंबईचा एजंट, मधला कोल्हापूरचा माणूस आणि कधीकधी कंपनीतलाच कुणीतरी यांच्यात ते वाटले जातात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा लायसन्स नंबर टाकून तो चालू आहे का बघ. राजारामपुरीत बसून पासपोर्ट गोळा करणाऱ्या मधल्या माणसाचं नाव तिथं सापडलं नाही, तर पासपोर्ट त्याच्या हातात द्यायचा नाही. झेरॉक्स पुरते.

व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. म्हणून पकडापकडी झाली की मालक म्हणतो, "हा आमचा नाही", आणि परत पाठवणी तुझी होते. व्हिसा संपल्यावर राहिलास तर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो. व्हिजिटवरून एम्प्लॉयमेंटवर बदल करता येतो, तो प्रकार कायदेशीरच आहे. फरक एवढाच की तोपर्यंतचे दिवस तू फुकट राबतोस किंवा फुकट बसतोस, आणि काम पसंत नाही म्हणून मालकानं हात वर केले तर तुझ्याकडं तक्रारीला कागद नसतो.

तो कागद म्हणजे यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाचं ऑफर लेटर. त्या मंत्रालयाला तिथं मोहरे म्हणतात. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पत्र वेगळं. मोहरेच्या ऑफर लेटरवर ट्रान्झॅक्शन नंबर असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मागता येतं, मागून घेच. तू सही केलीस की पुढचा करार त्याच्यापेक्षा तुझ्या तोट्याचा करता येत नाही. कंपनी शारजाच्या फ्री झोनमध्ये, म्हणजे उद्योगांसाठी वेगळे नियम असलेल्या भागात, असेल तर परमिट मोहरेचं नसून त्या झोनच्या ऑथॉरिटीचं असतं, म्हणून आधी ट्रेड लायसन्सची, म्हणजे धंद्याच्या परवान्याची, कॉपी माग आणि तो परवाना कुणी दिलाय ते बघ.

आता आकडे. तू २,२०० वर खूश आहेस, मला ८०० खटकतोय. परदेशी कामगाराला यूएईत कायद्यानं किमान वेतन नाही, त्यामुळं बेसिक मालक हवं तेवढं खाली ओढतो आणि बाकी रक्कम अलाउन्समध्ये दाखवतो. महिन्याला हातात तेवढेच येतात, पण बाकी बरंच काही बेसिकवर चालतं. ओव्हरटाइमचंच बघ. दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८. जादा तासाला बेसिकच्या सव्वापट, रात्री १० ते पहाटे ४ मध्ये दीडपट, शिफ्टचं काम सोडून. बेसिक १,२०० असेल तर तास ५ दिरहमचा, जादा तास ६.२५ चा. बेसिक ८०० असेल तर जादा तास ४.१७ चा. रोज दोन तास धरून २६ दिवसांत ३२५ विरुद्ध २१७. त्याच मशिनवर, तेवढ्याच घामाचे, महिन्याला १०८ दिरहम कमी. ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढं ३० दिवसांचं, तीही वर्ष पूर्ण झालं तरच. म्हणजे वर्षाला ८४० किंवा ५६०. नोकरी गेल्यावर मिळणारा बेकारी विमा बेसिकच्या ६० टक्के, तीन महिने, तोही सलग १२ महिने हप्ते भरले असतील तर. त्याचा हप्ता महिन्याला ५ दिरहम, तो तुझा तू भरायचा, विमा काढलाच नाहीस तर ४०० दिरहम दंड. म्हणून एजंटशी "पगार वाढवा" म्हणून घासाघीस करू नकोस. "२,२०० च राहू दे, बेसिक १,२०० करा" म्हण. मालकाला आज यात एक दिरहम जास्त लागत नाही, तरी तो का कू करेल, आणि का करतोय ते वरच्या हिशेबात आहे.

हुद्दा काय लिहिलाय तेही बघ. "मशिन ऑपरेटर" असेल तर सर्टिफिकेट बहुधा कुणी मागत नाही. "टेक्निशियन" असेल तर मागतील, आणि तेव्हा अटेस्टेशन, म्हणजे सर्टिफिकेट खरं असल्याचे शिक्के, लागतं: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास, शेवटी तिकडचं परराष्ट्र मंत्रालय. यूएईला अपोस्टिल, म्हणजे काही देशांत चालणारा एकच शिक्का, चालत नाही. कुणी "अपोस्टिल करून देतो" म्हणून पैसे मागितले तर ते वाया. "लेबर" किंवा "हेल्पर" लिहिलं असेल तर सही करू नकोस, पुढची नोकरी शोधताना तो शब्द आडवा येतो.

दहावी पास असल्यामुळं तुझा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागणारा, नाही, त्यामुळं एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे ती परवानगी, लागत नाही. पोरांना हे बरं वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुझा करार भारतात कुणी तपासणारच नाही. ईसीआरवाल्याचा करार निदान ई-मायग्रेटवर चढतो आणि त्याला १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीनं निघतो, दोन वर्षांचे २७५ रुपये. तुझी तपासणी तुलाच करायचीय.

मेडिकलमध्ये रक्त आणि छातीचा एक्स-रे असतो. फाउंड्रीच्या धुळीत कधी काम केलं असशील किंवा लहानपणी टीबी झाला असेल तर इथंच एक्स-रे काढून छातीच्या डॉक्टरला दाखव. विमानाचं तिकीट काढून मग डाग सापडणं फार महागात जातं.

बँकेचं पटकन सांगतो. जाताना चालू बचत खातं एनआरओ, म्हणजे भारतातल्या पैशांसाठीचं अनिवासी खातं, करून घे आणि तिकडचा पगार पाठवायला एनआरई खातं उघड, त्याच्या व्याजावर इथं कर नाही. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलास तर त्या वर्षी तू निवासी धरला जातोस आणि दिरहमचा पगारही इथं करपात्र होतो. म्हणून जमलं तर २८ सप्टेंबरच्या आत निघ, नाहीतर ती रक्कम हिशेबात धर.

तिथं गेल्यावर पगार वेज प्रोटेक्शन सिस्टिममधूनच, म्हणजे मंत्रालयाच्या नजरेखालच्या पगार यंत्रणेतूनच, आला पाहिजे. देय तारखेपासून १५ दिवस उलटले की तो उशिरा धरतात, तेव्हा मोहरेत तक्रार टाकता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादाचा निकाल २०२४ पासून मोहरेच देतं, लगेच कोर्ट नाही. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घ्यायचा नसतो. प्रोबेशन ६ महिन्यांपेक्षा जास्त नाही. त्या काळात सोडून घरी यायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस, तिथंच दुसरीकडं जायचं असेल तर एक महिन्याची. न सांगता निघून गेलास की गैरहजरीची तक्रार होते आणि पुढचं परमिट अडकतं.

राजीनाम्याचं: ऑफर लेटरवर सही झाली म्हणून टाकू नकोस, एजंटनं "व्हिसा झाला" म्हटलं म्हणूनही नको. एम्प्लॉयमेंट एन्ट्री परमिट तुझ्या नावानं, पासपोर्ट नंबर बरोबर, हातात आलं की टाक. ते निघाल्यापासून ६० दिवसांत यूएईत शिरायचं असतं, त्यात शिरोलीतल्या तुझ्या एक महिन्याच्या नोटिशीला जागा आहे.