वाचकांचे प्रश्न : हाजीने जिंकलं तरी काय?

प्रश्न : मोरोक्कोचा मुस्तफा हाजी 1998 साली आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. पण त्याच वर्षी त्याचा संघ विश्वचषकात पहिल्याच फेरीत बाद झाला. क्लबकडूनही त्याने मोठं काही जिंकलेलं दिसत नाही. मग एवढा मान कशासाठी?

उत्तर : मी मुलांना फुटबॉल शिकवतो आणि दर मोसमात त्यांना हाजीचा एक गोल दाखवतो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून थोडा दुखावलो. पण प्रश्न रास्त आहे.

तो गोल 10 जून 1998 चा, माँपेलिएला, नॉर्वेविरुद्ध. 38 वं मिनिट. मागून लांब पास येतो, हाजी डावीकडून त्यावर झेपावतो, समोर आडदांड बचावपटू एगन. मी मुलांना सांगतो, चेंडू नका बघू, खांदा बघा. खांदा एकीकडे झुकतो, एगनचं वजन त्या बाजूला जातं, तोवर चेंडू आत वळलेला असतो. मग उजव्या पायाचा फटका. त्याच वर्षी फेब्रुवारीत आफ्रिकी चषकात त्याने इजिप्तविरुद्ध अगदी शेवटी हवेत उलटं होऊन ओव्हरहेड किक मारली होती आणि मोरोक्को 1-0 ने जिंकला होता. पुढे तो चषक इजिप्तनेच उचलला. मोरोक्को उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून हरला.

विश्वचषकाचं म्हणाल, तर नॉर्वेशी 2-2 बरोबरी झाली, ब्राझीलने 3-0 ने हरवलं. 23 जूनला सँतेतिएनमध्ये मोरोक्कोने स्कॉटलंडला 3-0 ने धुतलं. त्याच वेळी मार्सेयला 78 व्या मिनिटाला ब्राझीलने नॉर्वेवर आघाडी घेतली, म्हणजे मोरोक्को पुढच्या फेरीत! पाच मिनिटांत नॉर्वेची बरोबरी, आणि सामना संपता संपता नॉर्वेच्याच रेकदालचा पेनल्टीवर विजयी गोल. नॉर्वेचे गुण 5, मोरोक्कोचे 4. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी टीव्ही बंद करूनही बराच वेळ तसाच बसून होतो. संघ बाद झाला हे खरं, पण कसा बाद झाला हेही सांगायला हवं.

त्याआधी आफ्रिकेचा हा किताब मोरोक्कोच्या तिघांनाच मिळाला होता : फरास (1975), तिमूमी (1985) आणि गोलरक्षक झाकी (1986). हाजी चौथा.

क्लबच्या बाबतीत मात्र नशिबाने त्याला साथच दिली नाही. आधी फ्रान्सचा नाँसी, मग लिस्बनचा स्पोर्टिंग, मग स्पेनमधला देपोर्तिवो. 1999 मध्ये त्याने देपोर्तिवो सोडला आणि पुढच्याच मोसमात त्या क्लबने स्पॅनिश लीग जिंकली, इतिहासात पहिल्यांदा. हाजी तेव्हा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीकडून आपल्याच देशाच्या शिप्पोसोबत खेळत होता. तिथले पाठीराखे या दोघांसाठी मोरोक्कोतल्यासारख्या लाल, गोंडेवाल्या फेझ टोप्या घालून यायचे. मला ते दृश्य फार आवडतं. एका इंग्रजी औद्योगिक शहराने त्याला आपलं मानलं होतं.

मग 5 मे 2001. ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर कॉव्हेंट्री 2-0 ने पुढे, दोन्ही गोल हाजीचे. सामना 3-2 ने हातचा गेला आणि 34 वर्षं वरच्या श्रेणीत खेळलेला क्लब खाली घसरला. त्या दिवशी त्याने आणखी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. त्याच उन्हाळ्यात व्हिलाने त्याला घेतलं, पण तिथे त्याचा सूर फारसा लागला नाही.

प्रश्न : (त्याच वाचकाचा) निवृत्त कधी झाला?

उत्तर : 2010 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी. व्हिलानंतर काही महिने एस्पान्योल, मग अमिरातीतला एक क्लब, पुढे जर्मनीतलं झारब्रुकेन आणि शेवटी लक्झेंबर्गचा फोला एश. निवृत्तीनंतर बरीच वर्षं तो मोरोक्कोच्या राष्ट्रीय संघाचा सहप्रशिक्षक होता. धाकटा भाऊ युसूफही नाँसीकडून आणि देशाकडून खेळला.

त्या शेवटच्या दोन क्लबांची गावं, झारब्रुकेन आणि एश, नकाशावर शोधा. मोरोक्कोत जन्मलेला हाजी लहानपणी कुटुंबाबरोबर फ्रान्सच्या लोरेन भागात, क्रोत्सवाल्ड या कोळसा खाणींच्या गावी आला होता. तिथून झारब्रुकेन सीमेपलीकडे अगदी जवळ आहे आणि लक्झेंबर्गही फार लांब नाही.